मायस्थेनियातील दुहेरी दृष्टी : डोळ्यांच्या स्नायूंच्या शस्त्रक्रियेपूर्वी काय पाहावे

एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी होते का, हे प्रथम तपासावे. एकाच डोळ्याने दोन दिसत असल्यास कारण मोतीबिंदूत, कॉर्नियात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात) किंवा चष्म्याच्या नंबरात शोधावे लागते. तेथे स्नायूंच्या शस्त्रक्रियेचा उपयोग नाही.

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये मज्जातंतूचा संदेश प्रतिपिंडांमुळे (शरीराच्याच प्रतिकारशक्तीने बनवलेल्या प्रथिनांमुळे) स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही, डोळ्यांचे स्नायू दुबळे पडून डोळे एका रेषेत राहत नाहीत, त्यामुळे तिरळेपणा सकाळी कमी आणि थकव्यानंतर जास्त असतो. अशा बदलत्या मापावर शस्त्रक्रिया करणे धोक्याचे आहे, कारण आज सरळ बसवलेला डोळा पुढे औषधाचा गुण येताच उलट दिशेला जाऊ शकतो. म्हणून आधी पायरिडोस्टिग्मिन, स्टेरॉइड किंवा ॲझाथायोप्रिन यांसारख्या औषधांनी आजार आटोक्यात आणावा. अनेकांचे दोन दिसणे तेवढ्यानेच थांबते. तोवर एका डोळ्यावर पट्टी किंवा चष्म्याला चिकटवायचा प्रिझम (प्रकाश वळवून दोन प्रतिमा जुळवणारी भिंग-पट्टी) वापरता येतो. त्यानंतरही तिरळेपणा उरला आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेली मापे निदान सहा महिने तीच राहिली, तरच शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. घाई रुग्णाला असते, ती समजण्याजोगी आहे, पण शल्यचिकित्सकाने ती करू नये.

शस्त्रक्रियेत जास्त ओढणारा स्नायू मागे सरकवून शिवतात किंवा दुबळा स्नायू आखूड करतात. रुग्ण शुद्धीवर आल्यावर घट्ट-सैल करता येणाऱ्या टाक्यांची सोय आहे का, हे अवश्य विचारावे. समोर आणि वाचताना खाली एकच प्रतिमा दिसावी, एवढेच उद्दिष्ट धरावे. कडेला पाहताना दोन दिसणे उरू शकते, आणि पुढे प्रिझम किंवा दुसरी शस्त्रक्रियाही लागू शकते.

भूलतज्ज्ञाला आजाराची आणि सर्व औषधांची माहिती आगाऊ द्यावी. स्नायू शिथिल करणाऱ्या काही औषधांचा परिणाम या रुग्णांवर फार तीव्र होतो. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंबही दुर्बलता वाढवू शकतात. नेहमीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर ठरलेली शस्त्रक्रिया बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

दुहेरी दृष्टीचे कारण मायस्थेनिया नसून मायटोकॉन्ड्रियाचा (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांचा) डोळ्यांची हालचाल हळूहळू मंदावणारा आजार असेल, तर हृदयाचा वहनदोष (ठोके चालवणाऱ्या विद्युत संदेशांतला अडथळा) असू शकतो, म्हणून ईसीजी आधीच काढावा. खाली ओघळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया डोळा सरळ झाल्यानंतरच करावी आणि पापणी जपूनच उचलावी, कारण झोपेत ती पूर्ण मिटली नाही तर कॉर्निया कोरडा पडून त्यावर जखम होऊ शकते.