कुत्र्याच्या गोळ्यांची ऑनलाइन ऑर्डर 'प्रिस्क्रिप्शन अमान्य' म्हणून कॅन्सल होत असेल तर

आमच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याला फिट्स येतात, त्यावर लेव्हेटिरासेटम ही ५०० मिग्रॅची गोळी दिवसातून तीनदा, कायमची चालू. ऑनलाइन जेनेरिक बरीच स्वस्त पडते, पण चिठ्ठी अपलोड केली की ऑर्डर कॅन्सल. फोटो परत काढला, ॲप बदललं, कस्टमर केअरशी भांडून झालं, नुसता डोक्याला ताप.

शेवटी नियम बघितला. औषध नियम १९४५, नियम ६५ प्रमाणे प्राण्याच्या चिठ्ठीवर मालकाचं नाव-पत्ता लागतो, आमच्या चिठ्ठीवर फक्त 'ब्रूनो, २८ किलो'. मग डॉक्टरांकडून नवीन घेतली: वर माझं नाव-पत्ता, खाली 'कुत्रा, ब्रूनो', ब्रँडऐवजी जेनेरिक नाव आणि मिग्रॅ, डोस, एकूण गोळ्या किती, तारीख, सही, रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का. चारही कोपरे दिसतील असा फोटो काढून चिठ्ठीवरच्याच नावाने ऑर्डर टाकली, फार्मासिस्टचा फोन आला, प्राण्यासाठी आहे म्हणून सांगितलं, झाली पास.

आणि हो, एक्सआर (हळूहळू औषध सोडणारी) लिहिलेली गोळी तोडून देता येत नाही, सिरप घेत असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) नाही ना ते बघाच, कुत्र्याला ते विष आहे. स्टॉक संपायच्या आठवडाभर आधी ऑर्डर टाका, हे औषध अचानक बंद झालं तर फिट्स परत येऊ शकतात.