पानं बघायला जपानला जाताय? आधी उंची बघा, मग तारीख

आमच्या धुळ्याच्या मावशीला सांगितलं की जपानला झाडांची पानं बघायला चाललोय, तर ती म्हणाली, "पानं देखाले इतलं दूर जावानं का रे भाऊ, आठे सातपुडामा काय कमी शेतस का?" आता तिचंही काही चूक नाही, चैत्राच्या आसपास सातपुड्यात कुसुमाला कोवळी लालभडक पालवी फुटते तेव्हा डोंगर पेटल्यासारखा दिसतोच की. पण आपला लाल नव्या पानाचा आणि तिकडचा जुन्या पानाचा, गळायच्या आधीचा. आपला साग पाणी वाचवायला पानं टाकतो, तिकडची झाडं थंडी आली आणि दिवस लहान झाला म्हणून टाकतात. पानातलं हिरवं द्रव्य तुटत जातं, मग आतला लपलेला पिवळा दिसायला लागतो, आणि लाल तर पान नव्याने तयार करतं, आत अडकून पडलेल्या साखरेपासून. म्हणून दिवसा मस्त ऊन आणि रात्री कडाका असं असलं की रंग चढतो. नुसतंच ढगाळ आणि गरम राहिलं तर फिका.

हे सगळं सांगतोय कारण माझी पहिली ट्रिप यातच वाया गेली. 2018 ला आम्ही जळगावकर स्टाईलने दिवाळीच्या सुट्ट्या बघून तिकीट काढलं, लक्ष्मीपूजन होतं 7 नोव्हेंबरला, ते उरकून निघालो आणि कामिकोची नावाच्या डोंगरातल्या दरीत पोचलो तेव्हा झाडं पूर्ण उघडीबोडकी. सगळी काटक्या झालेली. बायको म्हणे हे बघायला एवढा खर्च केला का. चूक आमचीच, दिवाळी चंद्रावर चालते आणि पानं चालतात थंडीवर.

तर मेन मुद्दा हा की जपानमध्ये पानगळीची एकच अशी तारीख नसते. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो आणि डोंगरावरून खाली उतरतो. होक्काइदोच्या डोंगरात सप्टेंबरच्या मध्यालाच सुरू होतं आणि क्योटोला नोव्हेंबर संपत आला तरी चालू असतं. शंभर मीटर वर चढलं की हवा साधारण 0.6 डिग्रीने थंड होते एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळा हिशोब त्यातून निघतो.

मी सांगेन नागानो प्रांतातलं मात्सुमोतो गाव पकडा, तिथेच मुक्काम टाका आणि रोज वर-खाली करा. मात्सुमोतो साधारण 600 मीटरवर, कामिकोची 1500 वर, म्हणजे पाच-साडेपाच डिग्रीचा फरक इथेच आला, आणि नोरिकुरा डोंगरावर बस जाते ते तातामिदाइरा 2700 मीटरवर. आता तुमची सुट्टी कधी आहे ते सांगा. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात असेल तर अगदी वरचं, नोरिकुराचा माथा नाहीतर कारासावा, म्हणजे कामिकोचीच्या वरची खोलगट दरी. ऑक्टोबरचा मध्य असेल तर नोरिकुराच्या कुशीतलं पठार. ऑक्टोबरचा शेवट असेल तर डोळे झाकून कामिकोची. आणि 2026 सारखी दिवाळी 8 नोव्हेंबरला आली तर वर जायचा हट्ट सोडा, मात्सुमोतोच्या काळ्या किल्ल्याभोवतीची झाडं बघा, खाली तेव्हा रंग असतो. निघायच्या आधी नेटवर अंदाज बघा, त्यात 'मिगोरो' लिहिलं असलं म्हणजे ऐन भरात.

जायचं कसं, तर टोकियोतल्या शिंजुकु स्टेशनवरून 'आझुसा' एक्सप्रेस, अडीच-पावणेतीन तासात मात्सुमोतो, तिकीट साडेसहा हजार येनच्या पुढे. सगळ्या सीट रिझर्व्ह असतात, आपल्यासारखं जनरलच्या डब्यात घुसून अ‍ॅडजस्ट होत नाही. सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पास, लोक डोळे मिटून घेतात, तो ऑक्टोबर 2023 ला 50,000 येन झाला, फक्त एवढ्याच प्रवासासाठी घेतला तर नुकसान. मात्सुमोतोहून छोट्या खाजगी ट्रेनने अर्ध्या तासात शिन-शिमाशिमा आणि पुढे बसने तासाभरात कामिकोची. खाजगी गाड्यांना वर बंदी आहे, गाडी भाड्याने घेतली तरी खाली सावांदोच्या पार्किंगला लावून बस नाहीतर टॅक्सीच पकडावी लागते. आणि बंदीच बरी आहे हो, नाहीतर तोरणमाळच्या घाटात श्रावणातल्या रविवारी होतं तसं झालं असतं.

बसमधून शेवटच्या स्टॉपला उतरू नका, ही माझी एकच खास टीप. त्याच्या आधी ताइशो तळ्याला उतरा. 1915 ला याकेदाके ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याने नदी अडली आणि हे तळं झालं, पाण्यात बुडालेली वाळकी झाडं अजून एखाद-दोन उभी दिसतात. सकाळी लवकर गेलात आणि वारा नसला तर होताकाचे डोंगर जसेच्या तसे पाण्यात उलटे. तिथून कप्पा पुलापर्यंत साधारण तासाभराची सपाट वाट, आझुसा नदीच्या कडेकडेने, पाणी इतकं स्वच्छ की आपली तापी आणि गिरणा आठवून जरा वाईटच वाटतं. गुडघेदुखीवाले आई-वडीलपण आरामात चालतात. पुलापुढे म्योजिन तळं अजून तासभर, दम असेल तर जा.

कामिकोचीचा खरा हिरो म्हणजे 'कारामात्सु'. सुरूसारखं सुयांच्या पानांचं झाड, पण हे सुया गाळतं, आणि त्याआधी सगळं झाड सोन्यासारखं पिवळं होतं. वारा आला की त्या बारीक सुया झरझर पडतात, टोपीत, कॉलरमध्ये, चहाच्या कपात, मी तर तिथे अर्धा तास नुसता उभा होतो. लाल बघायचं असेल तर ते 'नानाकामादो' नावाचं झाड, ते वर जास्त, कारासावाच्या 2300 मीटरवरच्या खोलगट दरीत तर गालिचाच. पण ते कामिकोचीपासून सहा तास पायी आहे, रात्री डोंगरावरच्या झोपडीत राहावं लागतं, लहान पोरं-म्हातारी सोबत असली तर नादी लागू नका. त्यांच्यासाठी शिन-होताका रोपवे बरा, दुमजली पाळणा 2156 मीटरपर्यंत नेऊन सोडतो. फोटो काढताना सूर्य पाठीशी ठेवू नका, पानाच्या मागे ठेवा, पान दिव्यासारखं पेटतं.

आता कपडे. आपण 45 डिग्रीत वाढलेली माणसं, आपल्याला 10 डिग्री म्हणजे हिमालय. ऑक्टोबरच्या शेवटी कामिकोचीला पहाटे शून्याच्या आसपास जातं, म्हणून आतून थर्मल, वरून स्वेटर, त्यावर वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी आणि हातमोजे, दुपारी उन्हात एकेक काढत जायचं. सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि दरीत ऊन त्याच्याही आधी जातं, त्यामुळे सकाळची पहिली बस पकडा.

खायचं. शाकाहारी असाल तर इथेच डोक्याला ताप आहे, कारण सोबा नूडल्स दिसायला साध्या पण रस्सा 'दाशी'चा, म्हणजे वाळवलेल्या माशाचा. "निकु तो साकाना वा ताबेमासेन", म्हणजे मटण-मासे खात नाही, एवढं पाठ करा आणि दाशीचं वेगळं विचारा. नागानोत 'ओयाकी' म्हणून भाजी भरलेला गोळा मिळतो, त्यात भोपळ्याचा मस्त, पण आत काय ते विचारूनच घ्या. आम्ही घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा नेला होता, तोच कामी आला. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात, म्हणजे रावेरची केळी घरीच.

सुटे 100 येनचे नाणे ठेवा, तिकडे संडासात डब्यात टाकायचे असतात. कचराकुंडी शोधू नका, नसते, कचरा परत आणायचा. माकडं मोकळी फिरतात, त्यांना खाऊ घालायचं नाही. अस्वलंही आहेत, म्हणून लोक बॅगेला घंटी लावतात, आपल्या बैलासारखी, हसू नका, तुम्हीपण लावा. आणि दसऱ्याला आपटा ओरबाडायची सवय तिथे चालत नाही, संरक्षित जागा आहे, खाली पडलेलं पानसुद्धा उचलून आणायचं नाही. मावशीला वहीत ठेवायला एक पान पाहिजे होतं, तिला मात्सुमोतोच्या दुकानातून पानाच्या चित्राचा रुमाल आणला.

परतीच्या बसची जागा सकाळीच पक्की करा. संध्याकाळी लाईन मोठी असते आणि रात्री कामिकोचीच्या रस्त्यावरच्या बोगद्याचं गेट बंद होतं, मग टॅक्सीपण खाली नेत नाही.