नॉर्दर्न लाइट्सच्या ग्रुप ट्रिपला निघताय? या चुका टाळा

रोज रात्री आठला ग्रुपवर कोणीतरी केपीचा (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा ० ते ९ चा निर्देशांक) आकडा टाकतं, "आज फक्त दोन", आणि अर्धी मंडळी रजईत शिरतात. नॉर्वेतलं ट्रॉम्सो ऑरोराच्या, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सच्या, पट्ट्याखालीच आहे, तिथे केपी दोन पुरतो. बघायचे असतात ढग. आणि आकडाच हवा असेल तर बीझेड (सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक) बघा: तो उणे होऊन टिकला की साधारण तासाभरात आकाश हलायला लागतं. किनाऱ्यावर ढग असतील तर ई-८ रस्त्याने शिबोटन, तिथून फिनलंडमधलं किल्पिसयार्वी. डोंगरांच्या पलीकडे हवा कोरडी असते. गाडी सीमेपलीकडे न्यायची परवानगी बुकिंग करतानाच विचारा. नऊ सीटच्या व्हॅनमध्ये नऊ माणसं आणि नऊ ट्रायपॉड कोंबू नका; सहा जण बास.

तारखा सुट्ट्या बघून नाही, तिथी बघून ठरवा; आकाशात चंद्र नको. सर्वपित्री अमावस्या ते नवरात्रातली अष्टमी हा काळ उत्तम. नवरात्रातल्या अष्टमीचा चंद्र इतका दक्षिणेला असतो की ट्रॉम्सोच्या क्षितिजावर जवळपास येतच नाही. पितृपक्षातल्या अष्टमीचा मात्र मावळायचं नाव घेत नाही. शिवाय विषुवदिनाच्या आसपास ऑरोराची शक्यता वाढते आणि तळी गोठलेली नसल्याने प्रतिबिंबं मिळतात.

आता फोकस. सगळ्यात जास्त फोटो इथे मरतात.

ठाण्याच्या एका ग्रुपसमोर डोक्यावर हिरवा पडदा पाचेक मिनिटं नाचला. एकाचा कॅमेरा ऑटोफोकसवर, अंधारात लेन्स नुसती पुढे-मागे घरघरतेय आणि त्याचा असिस्टचा दिवा सगळ्यांच्या फ्रेममध्ये. दुसऱ्याने बटण सापडेना म्हणून हेडलॅम्प लावला. तिसऱ्याने फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवून "इन्फिनिटी (सर्वांत दूरचा फोकस) झाली" म्हणून धडाधड शंभर फोटो काढले. हॉटेलवर लॅपटॉपवर मोठे केले तर ताऱ्यांचे ठिपके नाहीत, गोळे! हल्लीच्या बहुतेक लेन्स इन्फिनिटीच्या पुढेही फिरतात, त्यामुळे रिंगच्या टोकावर भरवसा ठेवायचाच नाही.

मॅन्युअल फोकसवर जा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या थेट दृश्यात) ठळक तारा घ्या (संध्याकाळी अभिजित उंच असतो), दहापट मोठा करा, रिंग अगदी हळू फिरवत तारा सर्वांत बारीक होईल तिथे थांबा. मग फोकस आणि झूम दोन्ही रिंगांवर कागदी चिकटपट्टी. लेन्स गार होते तसा फोकस सरकतो, म्हणून तासाने पुन्हा बघा. हे तिथे जाऊन शिकायचं नसतं. पावसाळ्यात तारा दिसत नसेल तर ऐरोलीच्या खाडीपलीकडचा एखादा दिवा घ्या. नंतर घरी खोलीतले दिवे घालवून, हातमोजे घालून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), शटर, फोकस सगळं चाचपडून बदलता आलं पाहिजे. दोन लाखांची लेन्स घेणाऱ्यांना या सरावाचा कंटाळा का येतो, कळत नाही.

यूव्ही फिल्टर काढा. पोलरायझरही. ऑरोराचा हिरवा रंग जवळपास एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटरचा; फिल्टरच्या सपाट काचेत परावर्तित होऊन फोटोच्या मध्यावर एकात एक वर्तुळं उमटतात आणि एडिटिंगमध्ये ती धड जात नाहीत.

"सेटिंग काय ठेवू?" असं विचारून कोणी सांगितलेलं वीस सेकंदांचं शटर डोळे मिटून वापरणारेही भरपूर. मग पडद्याच्या घड्या जाऊन हिरवा लगदा उरतो. अ‍ॅपर्चर एफ २.८, आयएसओ १६००, ८ सेकंद इथून सुरुवात करा. नाच सुरू झाला की २-३ सेकंद आणि आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). स्क्रीन अंधारात फसवते, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर आठ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी आठ सेकंद अडकून बसतो.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. जादा बॅटऱ्या विमानात केबिन बॅगेत, तिथे आतल्या खिशात.

तळ्याकाठी लेन्सवर दव धरतं. यूएसबीवर चालणारा हीटिंग पट्टा लावा, फडक्याने पुसत बसू नका. परतताना उलटा घोळ: गार कॅमेरा उबदार खोलीत नेला की आतबाहेर पाणी धरतं. बाहेर असतानाच तो झिपच्या पिशवीत हवाबंद करा आणि खोलीत दोन तास तसाच ठेवा. त्याआधी कार्ड काढून घ्या, म्हणजे फोटो बघायच्या घाईत कोणी पिशवी उघडणार नाही.