एकरी उताऱ्याच्या तक्त्यावरून सरासरी आणि पसारा कसा काढावा

गावात कापसाचा एकरी उतारा विचारला, तर नेमका आकडा फार थोड्या जणांकडून मिळतो. तीन-चार वेचे झालेले असतात. पहिला वेचा पैशाची नड म्हणून लगेच विकलेला असतो, दुसरा घरात भरलेला असतो, आणि दर वेळी काटा वेगळा. म्हणून कास्तकार सांगतो, "एकरी चार-पाच क्विंटल झाला असेल." या उत्तरात काही चूक नाही, फक्त ते गटाच्या रूपात आलेलं आहे. ग्रामपंचायतीचं सर्वेक्षण असो की कॉलेजचा प्रकल्प, माहिती शेवटी '४ ते ६', '६ ते ८' अशा रकान्यांत जमा होते.

अशा तक्त्यावरून सरासरी काढता येते आणि आकडे किती पसरलेले आहेत हेही काढता येतं. पहिलं काम सगळे करतात, दुसरं बहुतेक जण सोडून देतात. माझ्या मते कोरडवाहू गावासाठी दुसरंच जास्त मोलाचं आहे. त्यासाठी बेरीज, गुणाकार, भागाकार आणि मोबाइलमधलं वर्गमूळ एवढंच लागतं.

आधी गट नीट पाडा

पुढचं सगळं गणित गटांवर उभं राहतं, म्हणून इथे घाई करू नका. गट सारख्या रुंदीचे ठेवा आणि मध्ये फट सोडू नका. '०–२, ३–५' असे गट केले, तर अडीच क्विंटलवाला कुठे जाणार? '०–२, २–४, ४–६' असे सलग गट करा आणि नियम ठरवून टाका: खालची मर्यादा गटात धरायची, वरची पुढच्या गटात. म्हणजे नेमका ४ क्विंटलवाला '४–६' मध्ये जाईल. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण माहिती गोळा करणारे दोघे असले की इथेच दोघांचे आकडे फुटतात.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते. माणसं आकडा पुरता करून सांगतात. ४.७ क्विंटलवाला 'पाच' म्हणतो, ९.६ वाला 'दहा' म्हणतो. त्यामुळे लोकांच्या तोंडी येणारे आकडे शक्यतो गटाच्या मधोमध पडतील असे गट पाडावेत. '४–६' मध्ये ५ बरोबर मधे येतो, हे चांगलं. पण १० हा '८–१०' आणि '१०–१२' यांच्या सीमेवर पडतो, आणि खरं तर साडेनऊवाला असलेला माणूस वरच्या गटात जाऊन बसतो. अशा वेळी "दहाच्या आत की दहाच्या वर?" असा एक प्रश्न जास्तीचा विचारा.

उदाहरणासाठी यवतमाळकडच्या एखाद्या गावातले ४० कोरडवाहू कापूस उत्पादक घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी मांडले आहेत. ताळ्याच्या खुणा (प्रत्येक माणसामागे एक रेघ) करून मोजणी झाली की तक्ता असा दिसेल. शेवटच्या रकान्यातली संचित वारंवारता म्हणजे त्या गटापर्यंत झालेली एकूण माणसं:

| एकरी उतारा (क्विंटल) | कास्तकार | वर्गमध्य | गुणाकार | संचित वारंवारता |
|---|---|---|---|---|
| ०–२ | ३ | १ | ३ | ३ |
| २–४ | ८ | ३ | २४ | ११ |
| ४–६ | १३ | ५ | ६५ | २४ |
| ६–८ | ९ | ७ | ६३ | ३३ |
| ८–१० | ५ | ९ | ४५ | ३८ |
| १०–१२ | २ | ११ | २२ | ४० |
| एकूण | ४० | | २२२ | |

सरासरी, म्हणजे मध्य

'४–६' गटातल्या १३ जणांचा प्रत्येकाचा खरा आकडा आपल्या हातात नाही. मग मानून चालायचं, की ते सगळे मिळून साधारण ५ च्या आसपास आहेत. दोन्ही मर्यादांची बेरीज करून २ ने भागलं की हा वर्गमध्य मिळतो. प्रत्येक वर्गमध्याला त्या गटातल्या माणसांच्या संख्येने गुणा, बेरीज करा, एकूण माणसांनी भागा:

२२२ ÷ ४० = ५.५५ क्विंटल.

हा अंदाज किती चुकू शकतो? कोणत्याही कास्तकाराचा खरा आकडा आपल्या वर्गमध्यापासून जास्तीत जास्त १ क्विंटल, म्हणजे गटाच्या अर्ध्या रुंदीएवढा लांब असू शकतो. म्हणून खरी सरासरी ४.५५ च्या खाली किंवा ६.५५ च्या वर जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात कोणी वर्गमध्याच्या थोडा वर असतो, कोणी थोडा खाली, आणि चुका एकमेकींना बऱ्याच खोडतात. त्यामुळे अंदाज या टोकांपेक्षा पुष्कळ जवळचा येतो. तरी उत्तर लिहिताना 'सुमारे ५.५ क्विंटल' असं लिहा. हे अंदाजाचं गणित आहे, दशांशानंतर चार स्थळं लिहून ते जास्त खरं होत नाही.

ही सरासरी कास्तकारांची आहे, जमिनीची नाही, हेही ध्यानात असू द्या. इथे दोन एकरवाला आणि वीस एकरवाला दोघेही एकेकच मोजले आहेत. गावाच्या एकूण पेऱ्याचा एकरी उतारा हवा असेल, तर माणसांच्या संख्येऐवजी त्या गटातले एकर घेऊन गुणायचं.

वर्गमध्य मोठे असतील, जसं की पावसाचे मिलिमीटर, तर गृहीतमध्य घ्या. मधला एक वर्गमध्य शून्य माना, वरच्या गटांना १, २, ३ आणि खालच्यांना −१, −२ द्या. आपल्या तक्त्यात ५ ला शून्य मानलं तर गुणाकारांची बेरीज −६ − ८ + ० + ९ + १० + ६ = ११ येते. ११ ÷ ४० = ०.२७५. त्याला गटाच्या रुंदीने, म्हणजे २ ने गुणून ५ मध्ये मिळवा: ५.५५. उत्तर तेच, मेहनत कमी.

मध्यक आणि बहुलक

मध्यक म्हणजे सगळ्यांना उताऱ्याप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध येणारा आकडा. ४० चे निम्मे २०. संचित वारंवारतेचा रकाना वरून खाली बघत या: ११ वर २० होत नाहीत, २४ वर होतात. म्हणजे विसावा माणूस '४–६' मध्ये आहे. त्या गटाच्या आधी ११ जण होऊन गेले, अजून ९ हवेत, आणि गटात १३ आहेत. ते गटात सारख्या अंतराने पसरले आहेत असं मानून:

४ + (९ ÷ १३) × २ = ५.३८ क्विंटल.

बहुलक म्हणजे ज्याच्या आसपास सर्वांत जास्त माणसं आहेत तो आकडा. त्यासाठी सर्वांत जास्त माणसांचा गट घ्या. त्याचा आधीच्या गटाशी फरक ५ (१३ − ८), पुढच्या गटाशी फरक ४ (१३ − ९). गटाची खालची मर्यादा ४, म्हणून ४ + ५ ÷ (५ + ४) × २ = ५.११. गटांची रुंदी बदलली की बहुलक पटकन हलतो, म्हणून त्यावर मी फार भर देत नाही. पण बहुलक, मध्यक, मध्य असा चढता क्रम आला, की समजावं, वरच्या बाजूला थोडे जण बरेच पुढे आहेत. बहुधा भारी जमिनीवाले.

पसारा

सर्वांत सोपा मार्ग चतुर्थकांचा, म्हणजे रांगेचे चार सारखे भाग करणाऱ्या आकड्यांचा. पद्धत मध्यकाचीच, फक्त २० ऐवजी १० वा आणि ३० वा माणूस शोधायचा. १० वा '२–४' मध्ये आहे: २ + (७ ÷ ८) × २ = ३.७५. ३० वा '६–८' मध्ये: ६ + (६ ÷ ९) × २ = ७.३३. म्हणजे गावातले मधले निम्मे कास्तकार पावणेचार ते सव्वासात क्विंटलच्या दरम्यान आहेत. ग्रामसभेत सांगायला यापेक्षा स्पष्ट वाक्य नाही.

दुसरा मार्ग प्रमाण विचलनाचा, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब आहेत ते मोजण्याचा. प्रत्येक वर्गमध्याचा वर्ग करा, माणसांच्या संख्येने गुणा आणि बेरीज करा:

३ + ७२ + ३२५ + ४४१ + ४०५ + २४२ = १४८८.

१४८८ ÷ ४० = ३७.२. यातून सरासरीचा वर्ग, ३०.८०, वजा करा: ६.४०. हे प्रचरण. त्याचं वर्गमूळ २.५३ क्विंटल, हे प्रमाण विचलन. इथे एक चूक फार होते: २२२ चा वर्ग करून बसतात. आधी प्रत्येक वर्गमध्याचा वर्ग, मग गुणाकार, हाच क्रम.

गटामुळे हा आकडा किंचित फुगतो. गट सारख्या रुंदीचे असतील आणि दोन्ही टोकांना माणसं कमी होत जात असतील, तर शेपर्डची दुरुस्ती लावता येते: प्रचरणातून गटाच्या रुंदीच्या वर्गाचा बारावा भाग वजा करायचा. ६.४० − ०.३३ = ६.०७, वर्गमूळ सुमारे २.४६. फरक लहान आहे. गावपातळीच्या कामाला दुरुस्तीशिवाय चालतं.

आता शेजारचं दुसरं गाव घ्या. तिथेही ४० कास्तकार, पण त्याच गटांत अनुक्रमे ०, ३, २५, १०, २, ०. गणित करून बघा: सरासरी पुन्हा ५.५५. प्रमाण विचलन मात्र १.३४, म्हणजे जवळपास निम्मं. कागदावर दोन्ही गावं सारखी दिसतात. पण पहिल्या गावात ४ क्विंटलच्या आत राहिलेले ११ जण आहेत आणि दुसऱ्यात ३. बियाणं, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा केली की त्या ११ घरांत काय उरतं, हे सरासरी सांगत नाही.

याचा परिणाम फार खरा आहे. पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत की वर, हे गावासाठी एकाच आकड्याने ठरतं. पीक विम्यात पीक कापणी प्रयोगांवरून काढलेलं महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाशी, म्हणजे आधीच ठरवलेल्या किमान पातळीशी ताडून बघतात, आणि एका मंडळात कितीतरी गावं येतात. जिथे नाल्याकाठची काळी जमीन आणि बरडी एकाच मंडळात आहेत, तिथे पसारा मोठा असणारच. म्हणून निवेदन द्यायला जाताना सरासरीसोबत प्रमाण विचलन किंवा चतुर्थक लिहा, आणि खालच्या दोन गटांतली माणसं मोजून दाखवा.

शेवटचा गट उघडा असेल तर

कृषी गणनेत खातेदारांचे गट १ हेक्टरपर्यंत, १–२, २–४, ४–१० आणि १० हेक्टरच्या वर असे असतात. रुंदी सारखी नाही आणि शेवटच्या गटाला वरची मर्यादाच नाही. समजा एका गावात या गटांत अनुक्रमे २४, २०, ११, ४ आणि १ असे ६० खातेदार आहेत. शेवटच्या खातेदाराचे १२ हेक्टर धरले तर सरासरी १.९२ हेक्टर येते, २० धरले तर २.०५. एका माणसाच्या अंदाजावर गावाची सरासरी हलली. मध्यक मात्र दोन्ही वेळा १ + (६ ÷ २०) × १ = १.३ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरच्या आसपास. अशा तक्त्यात मध्यक आणि चतुर्थक द्या. सरासरी द्यायचीच असेल तर उघड्या गटासाठी किती हेक्टर धरले ते तिच्याखाली लिहा. बहुलकाचं सूत्र इथे लावूच नका, कारण २–४ चा गट १–२ पेक्षा दुप्पट रुंद आहे आणि नुसती माणसांची संख्या फसवते.