नव्या सिस्टरसाठी: अल्ब्युमिनची बाटली लावताना

मी लिव्हरच्या वॉर्डात सिस्टर आहे. वॉर्डात नवीन आलेल्या मुलींना मी आधी हेच सांगते की बाटली हातात घेण्यापूर्वी ती कशासाठी लिहिली आहे ते केसपेपरवर शोधा. अल्ब्युमिन म्हणजे लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रोटीन. नुसतं ‘अल्ब्युमिन कमी आहे’ हे कारण पुरेसं नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अटायर’ चाचणीत सिरॉसिसच्या (लिव्हर कायमचं खराब होऊन आकसण्याच्या आजाराच्या) दाखल रुग्णांची रक्तातली अल्ब्युमिनची पातळी ३ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर ठेवण्यासाठी अल्ब्युमिन देत राहिले. फायदा दिसला नाही, उलट फुफ्फुसात पाणी होण्याचे प्रकार वाढले.

सगळ्यात जास्त वेळा बाटली लागते ती टॅपिंगला, म्हणजे सुईने पोटातलं पाणी काढताना. पोटातलं पाणी ५ लिटरपेक्षा जास्त काढलं, तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम. २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे ८ लिटरला साधारण ३ बाटल्या. म्हणून निघालेलं पाणी नीट मोजा, अंदाजाने लिहू नका. टॅपिंगनंतर रुग्णाला हलकं वाटतं, पण अल्ब्युमिन दिलं नाही तर पुढच्या काही दिवसांत बीपी उतरतं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं.

पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग असेल (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला २५० किंवा जास्त), तर अँटिबायोटिकबरोबर निदानापासून ६ तासांच्या आत किलोमागे दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी किलोमागे १ ग्रॅम अल्ब्युमिन. ६० किलोच्या माणसाला आधी ९० ग्रॅम, मग ६० ग्रॅम. हा तिसऱ्या दिवसाचा डोस फार सहज राहून जातो, कारण तोवर ताप उतरलेला असतो आणि ड्युटी बदललेली असते. पहिल्याच दिवशी चार्टवर तारखेसह लिहून ठेवा. या डोसने किडनी वाचते, जीवही वाचतो.

किडनी बिघडायला लागली की डॉक्टर रोज किलोमागे १ ग्रॅमपर्यंत देतात, दिवसाला १०० ग्रॅमच्या वर नाही. सोबत टर्लिप्रेसिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) असेल तर श्वासावर दुप्पट लक्ष ठेवा.

लावताना द्रव गढूळ दिसला तर वापरू नका. बॅच नंबर नोंदवा. रक्तगट जुळवावा लागत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कधीही मिसळू नका, तांबड्या पेशी फुटतात. काचेच्या बाटलीला एअर व्हेंटचा (हवा आत जाऊ देणारा) सेट लागतो. उघडलेली बाटली ४ तासांत संपवा, उरलेली टाकून द्या.

सुरू करण्याआधी ऑक्सिजन, श्वासाची गती आणि बीपी लिहा, १५ मिनिटांनी पुन्हा पाहा. आडवं पडल्यावर धाप लागते म्हणाला, खोकला सुरू झाला, की ड्रिप बंद करा, उठवून बसवा आणि डॉक्टरांना बोलवा. पुढची बाटली आपल्या निर्णयाने लावू नका.

नातेवाईक विचारतात, “आता रिपोर्ट सुधारेल ना?” त्यांना शांतपणे सांगा की आकडा काही दिवसांनी परत खाली येईल, आपण लघवी, बीपी आणि क्रिएटिनिन बघतोय. ही बाटली जेवणाची जागाही घेत नाही. रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाणं रुग्णाला लागतंच.