बँकेतून माहिती फुटल्यावर खातेदाराने काय करावे

ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातील निरनिराळ्या बँकांच्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले, तेव्हा एकट्या स्टेट बँकेने सुमारे ६ लाख कार्डे बंद करून खातेदारांना नवी कार्डे दिली. कार्डाचा क्रमांक आणि पिन बदलता येतो, म्हणून तेथे हा उपाय पुरेसा होता. केवायसीची, म्हणजे ओळख पटवण्यासाठी बँकेला दिलेली, कागदपत्रे फुटली तर मात्र जन्मतारीख, पॅन, आईचे नाव किंवा सहीचा नमुना यांपैकी काहीही बँक नव्याने छापून देऊ शकत नाही, आणि ही माहिती हाती आलेला माणूस ती सहा महिन्यांनीही वापरू शकतो. ‘कार्ड बदलले, आता काळजी मिटली’ हा समज म्हणूनच मला सर्वांत घातक वाटतो.

आपल्या खात्यासंबंधी नेमकी कोणती माहिती बाहेर गेली, हे प्रथम बँकेला ईमेलने विचारावे. शाखेतील तोंडी दिलाशावर विसंबू नये. पुढे वाद उभा राहिला तर तारखेसह लेखी उत्तरच उपयोगी पडते. त्याच दिवशी नेट बँकिंगचा आणि त्याला जोडलेल्या ईमेलचा पासवर्ड बदलावा, तसेच कार्डावरील परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार गरज नसल्यास बँकेच्या ॲपमधून बंद करावेत.

पहिला फटका बहुधा फोनवरून बसतो. पलीकडचा माणूस आपले पूर्ण नाव, शाखा, कार्डाचे शेवटचे चार आकडे, इतकेच काय, नॉमिनीचे नावही बिनचूक सांगतो आणि मग अगदी अदबीने म्हणतो, “काका, आमच्याकडची माहिती फुटली आहे, तुमचं खातं सुरक्षित करायचं आहे, आलेला ओटीपी तेवढा सांगा.” एवढी माहिती ज्याला आहे तो बँकेचाच असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण माहिती फुटली म्हणजे नेमके हेच झालेले असते. फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. संकेतस्थळ उघडताना पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का, तेही पाहावे. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी हा वेगळा पत्ता ठरवून दिला आहे.

आपल्या नावावर दुसऱ्याने कर्ज काढल्याचे खात्याच्या उताऱ्यात बहुधा दिसत नाही, ते क्रेडिट अहवालात, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीत, दिसते. ही नोंद ठेवणाऱ्या सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे, त्यामुळे दर तीन महिन्यांनी एकेकीकडून तो मागवला तर वर्षभर पाळत राहते. अहवाल हाती आला की बहुतेक जण स्कोअर पाहून थांबतात. त्याऐवजी चौकशांचा, म्हणजे कर्जाच्या अर्जावरून कोणत्या संस्थांनी आपला अहवाल पाहिला याचा, तक्ता आधी उघडावा, कारण आपण कधी दारात पाऊल न ठेवलेल्या वित्तसंस्थेचे नाव, समोर ‘पर्सनल लोन’ आणि मागच्या महिन्यातली तारीख, अशी एखादी ओळ तेथे सापडू शकते. अनोळखी पत्ता किंवा मोबाइल क्रमांक नोंदला गेला आहे का, हेही पाहावे. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तपासावे. फोनचे नेटवर्क विनाकारण तासन्‌तास गेले तर दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला लगेच कळवावे, कारण आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढून घेतलेले असू शकते. आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक केल्यास बोटांच्या ठशांवरून पैसे काढता येत नाहीत; मात्र रेशन दुकानात अंगठा लावण्यापूर्वी ते तात्पुरते उघडावे लागते, हे घरातील ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर रांगेत खोळंबा ठरलेला.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि बँकेकडे तत्काळ तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार चूक बँकेची असेल तर ग्राहकावर कोणताही भार येत नाही. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्यालाही हेच संरक्षण मिळते, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते. ओटीपी आपणच सांगितला असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान मात्र आपल्याच माथी येते.

बनावट कर्ज निघाल्याचे आढळल्यास पोलिसांत तक्रार देऊन तिच्या प्रतीसह ‘हे कर्ज मी घेतलेले नाही’ असे वित्तसंस्थेला लेखी कळवावे. वसुलीवाल्यांच्या फोनला कंटाळून एकही हप्ता भरू नये, कारण भरलेला हप्ता कर्ज मान्य केल्याची खूण म्हणून पुढे दाखवला जाऊ शकतो. बँक किंवा वित्तसंस्थेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. आधी संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर मात्र तेथे ती दाखल करून घेतली जात नाही.