सांबुरूला झाडं लावायला निघण्याआधी

"बॅगेत काय काय भरू?" केनियाला झाडं लावायला निघालेली मुलं मला हाच प्रश्न आधी विचारतात. बॅग दोन दिवसांत भरते. ज्या तयारीला महिने लागतात ती निराळीच, म्हणून ही यादी मी साधारण काळाच्या क्रमाने लिहिते आहे. बॅग तिच्यात जवळजवळ शेवटी येईल.

मी बोलते आहे साधना फॉरेस्टबद्दल. तामिळनाडूत पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल या वसाहतीच्या वेशीवर डिसेंबर २००३ मध्ये अविराम आणि योरित रोझिन या जोडप्याने ७० एकर धुपलेल्या जमिनीवर हे काम सुरू केलं. कोरोमंडल किनाऱ्याचं मूळचं शुष्क सदाहरित जंगल तिथे पुन्हा उभं करायचं, हा हेतू. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत दुसरं केंद्र निघालं आणि २०१४ मध्ये उत्तर केनियातल्या सांबुरू भागात तिसरं. देशोदेशीची तरुण मुलं केंद्रात येऊन राहतात, माती-पाण्याचं काम करतात आणि करता करता शिकतात. हैती आणि केनियात भर असतो तो लोकांच्या घराभोवती, खायला उपयोगी पडतील आणि दुष्काळात तग धरतील अशी झाडं उभी करण्यावर.

पहिला सल्ला: थेट केनियाचं तिकीट काढू नका, आधी ऑरोव्हिलला जा. दादरहून पुदुच्चेरीला चालुक्य एक्स्प्रेस जाते, तिथून पुढचा रस्ता थोडाच. शक्य असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने निवडा, कारण त्या किनाऱ्याला मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा असतो आणि लागवडीची धांदल तेव्हाच चालते. आपल्या डोक्यात झाडं लावायची म्हणजे जून-जुलै हे इतकं पक्कं बसलेलं असतं की दुसऱ्या पावसाच्या तालावर काम करायला वेळ लागतो. सांबुरूत तर पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. कधी येतच नाही. २०२० च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत पूर्व आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले, गुरं मेली, माणसं उपाशी राहिली. तुम्ही जाल तेव्हा ज्यांच्या अंगणात खड्डा खणाल त्यांनी ते दिवस काढलेले असतील, हे मनात असू द्या.

ऑरोव्हिलला जाण्याच्याही आधी हात तयार करा. सामाजिक वनीकरणाची किंवा वनविभागाची जवळची रोपवाटिका शोधा आणि काम मागा. पिशव्यांत माती-शेणखत भरणं, गादीवाफ्यावरची कोवळी रोपं मुळं न दुखवता पिशवीत लावणं, पिशवीत जास्त दिवस राहिल्याने मुळं गोल फिरली आहेत का हे ओळखणं, हे सगळं वाचून येत नाही. डोंगरउतारावर ए-आकाराची चौकट घेऊन समपातळी कशी काढतात ते पाणलोटाचं काम झालेल्या कोणत्याही गावात कुणीतरी दाखवेल. चर त्या रेषेवर खणा, माती खालच्या अंगाला टाका, एक पाऊस होऊ द्या आणि पाणी कुठे थांबलं, कुठून फुटलं ते स्वतः जाऊन बघा. माझा पहिला चर एका टोकाला वीतभर खाली गेला होता आणि सगळं पाणी तिथूनच निसटलं. त्यानंतर मी चौकट दोनदा लावून बघायला शिकले. कुदळ, फावडं, घमेलं, पहार यांची सवय घरीच झाली तर केनियात पहिला आठवडा हाताच्या फोडांत जाणार नाही.

खाण्यापिण्याचीही तालीम हवी. केंद्रात जेवण पूर्ण वनस्पतिजन्य असतं, म्हणजे दूध, दही, तूप, मध यातलं काही नाही. दारू-तंबाखूला मज्जाव. वीज सौर, संडास कोरडे, मैल्याचं खत होतं. शाकाहारी घरातल्या मुलांना वाटतं आपल्याला काय अवघड, पण सकाळचा दुधाचा चहा सुटताना भले भले हळवे होतात. महिनाभर आधी काळा चहा सुरू करा. आणि एक गोष्ट केंद्रातल्या जुन्या माणसांना आधीच विचारून ठेवा: सांबुरू माणसाचं सगळं जगणं गुरांवर आणि दुधावर. कुणी घरी बोलावून दूध पुढे केलं तर काय करायचं? याचं उत्तर त्या क्षणी सुचत नाही.

गुरांचा विषय निघालाच आहे तर यादीतलं सगळ्यात मोठं काम इथेच सांगते. आपल्यापैकी ज्यांनी हिवरे बाजार, राळेगण सिद्धी पाहिलं आहे त्यांच्या तोंडात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे शब्द बसलेले असतात. गावाने एकत्र बसून घेतलेले ते निर्णय होते आणि त्यांनी डोंगर हिरवे केले, यात शंका नाही. पण ते शब्द उचलून सांबुरूला नेता येत नाहीत. तिथे शेळी, उंट, गाय हेच घर, हीच बँक आणि हेच मुलीचं लग्न. कुरण सामाईक, पाऊस पडेल तिकडे कळप जाणार. आपल्याकडे धनगरवाड्यावर जाऊन "इथे मेंढरं आणू नका" म्हणणाऱ्या पाहुण्याला जे उत्तर मिळेल तेच तिथेही मिळेल, फक्त ते जास्त सभ्यपणे मिळेल. रोप लावणं तासाभराचं काम, ते शेळीपासून दोन वर्षं राखणं हे खरं काम, आणि ते करणार ती घरची बाई आणि तिची पोरं, तुम्ही नाही. म्हणून निघण्यापूर्वी एखाद्या मेंढपाळ कुटुंबाबरोबर चार दिवस चाला. शेळी कोणतं झाड आधी तोंडात घेते, कोणतं सोडते, काट्याचं कुंपण किती उंच आणि किती दाट लागतं, कळप पाण्यावर कोणत्या वेळी येतो, हे त्यांना विचारा. यातलं बरंच ज्ञान तिकडे जसंच्या तसं उपयोगी पडतं. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण सांबुरू माणसं आपल्यापेक्षा सुबक घालतात; त्यांच्याकडून शिकायची तयारी ठेवा.

याच देशात १९७७ मध्ये वांगारी माथाई यांनी ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: रोपं वाढवणाऱ्या बायकांना थोडे पैसे मिळत, पण ते रोप जगल्यावर. तुमच्या वहीतही दोन रकाने आखा, एक लावलेल्यांचा आणि एक सहा महिन्यांनी जिवंत असलेल्यांचा. दुसरा रकाना भरायला तुम्ही तिथे नसाल, तर तो कोण भरणार हे निघण्यापूर्वी ठरवून या.

झाडांची ओळख ही त्यानंतरची तयारी, आणि ही आनंदाची आहे. चिंच आपण आपलीच समजतो, पण ती मुळात आफ्रिकेची. स्वाहिलीत तिचं झाड म्हणजे म्क्वाजू. बोर तिथे आहे, हिंगणबेट आहे, बाभळीची भावकी तर अफाट. गोरखचिंचही तिकडूनच आली. मराठी नाव, शास्त्रीय नाव, स्वाहिली नाव आणि जमलं तर सांबुरू नाव अशी यादी वहीत करा. एखादी म्हातारी ओळखीचं झाड दाखवते आणि आपण त्याची चिंच आमटीत घालतो हे सांगता येतं, तेव्हा बोलणं आपोआप पुढे सरकतं.

याच ओघात ताकीद. घरून बिया नेऊ नका. एकही नाही, शेवग्याच्या सुद्धा नाही. उजनीच्या काठाने आणि मराठवाड्यातल्या ओढ्यांच्या कडेने जी वेडी बाभूळ माजली आहे, तीच केनियात बारिंगो भागात १९८० च्या दशकात वाळवंट रोखायला म्हणून मुद्दाम लावली गेली. तिथे तिला मथेंगे म्हणतात. तिने कुरणं गिळली, वाटा बंद केल्या, शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडून पडले. तिथले इलचामूस जमातीचे लोक न्यायालयात गेले तेव्हा दात गेलेली शेळी पुरावा म्हणून बरोबर घेऊन गेले. ते झाड लावणाऱ्यांचाही हेतू चांगलाच होता. त्यामुळे बूट निघताना धुवा, तळव्यातली माती काढा, खिसे झटका. बियाण्याबद्दल काय आत येऊ शकतं हे केनियाचं वनस्पती-आरोग्य खातं ठरवतं, आपली हौस नाही.

कागदपत्रं. पारपत्र परतीनंतरही काही महिने चालेल असं असावं. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. ती निघण्याआधीच काढायची. मात्र स्वयंसेवक म्हणून काम करायला तेवढं पुरतं की वेगळा परवाना लागतो, हे संस्थेकडून लेखी घ्या. तोंडी "चालतं हो" यावर जाऊ नका.

पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच मिळते, मुंबईत ती आहेत. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते जन्मभरासाठी धरलं जातं. प्रमाणपत्राचं ते पिवळं पुस्तक केनियात उतरताना जितकं लागेल त्याहून जास्त परत येताना लागेल. नसेल तर मुंबई विमानतळावरून घरी न जाता सहा दिवस विलगीकरणात जावं लागू शकतं. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. हिवतापाच्या गोळ्या निघण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात, म्हणून डॉक्टरांकडे महिनाभर आधी जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. दात दाखवून घ्या, दाढ दुखायला लागली तर दवाखाना लांब आहे. विम्यात आजारी माणसाला विमानाने नैरोबीला हलवण्याचा खर्च धरला आहे ना, ते बघा.

भाषा थोडी तरी शिका. दुका, गारी, चाय, चपाती हे शब्द ऐकून बरं वाटेल, बाकीचे पाठ करावे लागतील: पाणी म्हणजे माजी, झाड म्हणजे म्टी, कुदळ म्हणजे जेंबे. सांबुरूत भेटल्यावर "सुपा" आणि आभार मानताना "आशे ओलेंग". घड्याळाचा घोळ मात्र आधीच समजून घ्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", तास पहिला. कुणी "दोनला या" म्हणालं तर आठला हजर राहायचं.

आता बॅग. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, दंड आणि कैद दोन्ही. आईने चकल्या-लाडू ज्या पिशव्यांत बांधले असतील त्या घरीच सोडा आणि डबे, कापडी पिशव्या वापरा. लष्करी छापाची पँट नको, पोलीस अडवू शकतात. पूर्ण बाह्यांचे सुती सदरे, रुंद काठाची टोपी, आणि जाड तळव्याचे बूट. तिथले काटे चपलेतून आरपार जातात. एक स्वेटर नक्की, कारण नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे आणि रात्री गारठा असतो. डोक्याला बांधायचा दिवा, चौकोनी तीन पिनांचा प्लग, गळ्यातली शिट्टी, जाड हातमोजे. स्थानिक सिमकार्ड घेतलं की एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे देण्याची तिथली सोय, सुरू करा, छोट्या टपरीवरही त्यानेच पैसे देतात. फोटो काढण्यापूर्वी विचारायचं, आणि नाही म्हटलं तर मोबाईल खिशात.

राहिलं एक. निघण्याच्या सहा महिने आधी घराजवळ, गच्चीवर नव्हे, जमिनीत, देशी झाडांची दहा रोपं लावा. ती तुम्ही नसताना कोण बघणार, पाणी कोणत्या दिवशी घालणार, गुरं आली तर कोण हाकलणार, हे घरच्यांशी नीट बसून बोला आणि कागदावर लिहा. तो कागद पारपत्राच्या पाकिटात ठेवा. सांबुरूत पहिल्या कुटुंबाशी हेच बोलायचं आहे.